किटलीचा लाल दिवा

माळशेज घाटाच्या वाटेवरच्या टोकावड्याच्या नाक्यावर थांबून कुणी म्हणालं, "गाडीत तेल टाकायचंय," तर समोरचा माणूस त्याला पंपाचा रस्ता दाखवेल. आपल्याकडे गाडीचं तेल म्हणजे डिझेल. इंजिनात जे वंगण असतं त्याला ऑइल म्हणायचं, आणि शेतावर पाणी उपसणाऱ्या डिझेलच्या यंत्राला पुन्हा 'ऑइल इंजिन'. पहिला गैरसमज या शब्दांच्या गुंत्यातूनच येतो. डॅशबोर्डवर किटलीसारखं लाल चित्र पेटलं की डिझेल संपत आलं असेल असं समजून टाकी भरायची आणि पुढे निघायचं. डिझेलचं चिन्ह पंपाच्या यंत्रासारखं असतं. चोचीच्या टोकाशी थेंब लोंबणारी किटली वंगणाची, आणि ती लाल पेटली असेल तर पंपापर्यंतही जायचं नसतं.

दुसरा गैरसमज जास्त जुना आणि जास्त महाग पडणारा: हा दिवा ऑइल किती उरलं ते सांगतो. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. लाल दिव्याची तार जाते ऑइल प्रेशर स्विचकडे. इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑइल किती आहे हे त्या स्विचला कळतच नाही. ऑइल पंपाने वर ढकललेलं ऑइल इंजिनच्या वाटांमधून जोराने जातंय की नाही, एवढंच त्याला कळतं. गरम झालेलं इंजिन रस्त्यावर नीट चालत असताना हा दाब साधारण ४० ते ६० पीएसआय असतो. दिवा पेटतो तो दाब पाच-सात पीएसआयच्या खाली घसरल्यावर. कारच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस हवा भरतो. टायरची हवा पाचवर आल्यावरच सांगणारा माणूस जेवढ्या उशिरा सांगेल, तेवढ्याच उशिरा हा दिवा सांगतो. काही गाड्यांत ऑइलची पातळी मोजणारा वेगळा, पिवळा दिवा असतो. तो लागला तर थोडी सवड असते. लाल दिव्याला सवड नसते.

दाबाचं एवढं महत्त्व का, ते १८८३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगात समजलं. बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होता. ऑइल सोडायला त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, पण आस फिरायला लागल्यावर त्याच भोकातून ऑइल उलट वर यायला लागलं. त्याने बूच लावलं, ते निघालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही ऑइलने हळूहळू बाहेर ढकलली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला, तर काटा २०० पीएसआयच्या पुढे. ऑइल धातूला फक्त 'गुळगुळीत' करत नाही. फिरणारा आस ऑइल स्वतःखाली ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो, हे तेव्हा दिसलं. ऑस्बर्न रेनल्ड्सने १८८६ साली त्याचं गणित मांडलं. आपल्या गाडीतला क्रँकही तसाच तरंगतो. थराची जाडी डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या भागाहूनही कमी. तो थर सतत भरत ठेवणं हे ऑइल पंपाचं काम, आणि पंप कमी पडला की लाल दिवा.

बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचं राहिलं तर चाक करकरायचं. गावाबाहेरूनच कळायचं की अमक्याची गाडी आली. इंजिन तसं आधी ओरडत नाही. खालून ठकठक ऐकू येते तोवर बेअरिंग खरवडलेलं असतं. इंजिनची करकर म्हणजे हा दिवा.

आता रस्त्यावर येऊ, कारण खरा घात तिथे होतो. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, मग माळशेज घाट: राष्ट्रीय महामार्ग ६१ चा हा पट्टा. मोरोशीच्या पुढे चढणीवर दिवा लागला असं समजा. मागे बसलेला म्हणतो, "दादा, दिवा लागलाय." चालवणारा म्हणतो, "धावतेय ना अजून? वर पोचलो की बघू." या एका वाक्यात कितीतरी इंजिनं गेली असतील. हिशेब करून पाहा. ताशी ३० किलोमीटरने एक किलोमीटर जायला दोन मिनिटं लागतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर त्या एका किलोमीटरात क्रँक ४,००० वेळा कोरडा घासला. गाडीला टर्बो असेल, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीला तो असतो, तर त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतो, तोही याच ऑइलवर तरंगत. गॅरेज किती लांब आहे हा प्रश्नच तेव्हा उरत नाही.

जुन्या माणसांचा यावर विश्वास बसत नाही, आणि त्यांचं कारण मला समजतं. शेतावरचं लिस्टर पद्धतीचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे घ्यायचं, आतलं ऑइल चमच्यासारख्या पट्टीने उडवून सगळीकडे शिंपडायचं. ते दांडगं यंत्र बरीच हयगय पोटात घालायचं. त्या अनुभवावर आजचं टर्बो इंजिन चालवणं चुकीचं आहे, इतकंच.

म्हणून दिवा लागला की पहिली चांगली जागा दिसेल तिथे बाजूला घ्या, गाडी पूर्ण थांबवा आणि किल्ली बंद करा. क्रम महत्त्वाचा. उतारावर चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही: ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनवरच चालतो, दोन-तीन दाबण्यांनंतर पायाला दगड लागावा तसा ब्रेक कडक होतो, आणि स्टिअरिंगही जड होतं. थांबल्यावर हँडब्रेक, गिअर, चाकामागे दगड, इंडिकेटरचे चारही दिवे. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, त्यामुळे माणसं गाडीत न बसता कठड्याच्या सुरक्षित बाजूला उभी राहिलेली बरी. वाहतुकीला धोका होत असेल तर ११२ ला फोन करावा.

इथे एक चांगली सवय आडवी येते. टर्बोची गाडी बंद करण्याआधी अर्धं-एक मिनिट संथ चालू ठेवावी, हे चालकांना पाठ असतं, आणि एरवी ते बरोबरही आहे. गरम टर्बोला ऑइल फिरवून थंड व्हायला वेळ मिळतो. पण लाल दिवा लागलेला असताना फिरवायला ऑइलच पोचत नाही. तेव्हा गाडी थांबताक्षणी बंद.

मग खाली वाकून पाहा. आपल्याकडच्या रस्त्यांवर दगड लागून 'चेंबर फुटणं' नवीन नाही. गाडीखाली काळी धार दिसली तर वरून कितीही ऑइल ओता, ते रस्त्यावरच जाणार. तिथून पुढचा मार्ग टोचन. धार नसेल तर पाच-दहा मिनिटं थांबून ऑइलची पातळी दाखवणारी स्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढून वाचा. गाडी सपाटीवर हवी. चढावर उभ्या गाडीची स्टिक खोटं सांगते, आणि इंजिन बंद केल्याबरोबर पाहिलं तर ऑइल अजून वरच्या भागातून खाली यायचं असतं. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटर मावतं. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालत खुणांच्या मधे आणा. नेमकी ग्रेड मिळाली नाही तर जवळच्या ग्रेडचं चांगलं डिझेल इंजिन ऑइल गॅरेजपर्यंत चालेल. गिअर ऑइल, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल किंवा डब्यात साठवलेलं जळकं ऑइल चालणार नाही. गाडी चालू केल्यावर चार-पाच सेकंदांत दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर बंद.

आणि स्टिकवर पातळी बरोबर निघाली तर? अनेकांना इथे हायसं वाटतं: ऑइल आहे, म्हणजे दिवाच खोटा. खरं तर हे जास्त काळजीचं आहे. ऑइल असूनही दाब नाही, म्हणजे पंप गेला असेल, चेंबरमधली जाळी गाळाने चोंदली असेल, बेअरिंग झिजून ढिलं झालं असेल. स्विच बिघडलेला असणं हीही एक शक्यता आहेच, पण ती रस्त्यावर उभं राहून ठरवता येत नाही. मेकॅनिक स्विच काढून त्या जागी दाबमापक लावतो आणि काटा पाहतो. त्याला फार वेळ लागत नाही. तोवर गाडी चालू करायची नाही.

याच्या उलट इलाज म्हणजे स्विचची तार काढून टाकणं. जुन्या जीप आणि पिकअपमध्ये हे होतं. दाब नसला की स्विच ती तार बॉडीला जोडून 'अर्थिंग' करतो आणि दिवा पेटतो, त्यामुळे तार सोडली की दिवा कायमचा शांत. गाडी विकताना हे करणारेही असतात, आणि मला ही उघड फसवणूक वाटते. जाड ऑइलचं तसंच: इंजिन गरम झाल्यावर संथ चालताना दिवा लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दिला की जातो. मग कुणीतरी ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० घालायला सांगतं. दिवा थांबतो, झीज थांबत नाही, आणि थंड सकाळी ते जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचायला उशीर होतो. वळणावर किंवा तीव्र चढावर क्षणभर लागून गेलेला दिवासुद्धा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो: ऑइल एका बाजूला सरकलं, पंपाच्या तोंडाशी हवा आली, म्हणजे पातळी खाली गेली आहे.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, हा समज मात्र निरुपद्रवी आहे; फार तर पैसे वाया जातात. डिझेलच्या ज्वलनात काजळी होते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं. बदलायचं ते किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशेबाने. रंग पाहून घाबरायचं ते एकाच वेळी, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर: आत पाणी गेलेलं असतं.

'थोडं जास्तच असू दे' हा समज निरुपद्रवी नाही. वरच्या खुणेच्याही वर गेलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्यात फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही. जास्तीचं ऑइल इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) हवेच्या वाटेत गेलं तर डिझेल इंजिन तेच जाळून सुसाट सुटतं. मग किल्ली काढली तरी थांबत नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडी-पिकअपवाल्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. सायलेन्सरच्या वाटेतली काजळीची गाळणी साफ होताना इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. गाव ते नाका, नाका ते गाव अशा छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. स्टिकवरची पातळी न घालताच वर चढते. "माझी गाडी ऑइल खातच नाही," असं अभिमानाने सांगणाऱ्याने स्टिकचा वास घेऊन पाहावा. डिझेलचा वास आला तर ते ऑइल पातळ झालंय, आणि बदलायला हवं. या गाड्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर गाळणी भरते.

पहाटे कल्याणच्या बाजारात भेंडी-काकडी पोचवणारी पिकअप भरून झाली, की निघण्याआधी किल्ली 'ऑन'पर्यंत फिरवायची आणि इंजिन चालू न करता डॅशबोर्ड पाहायचा. किटली पेटलेली दिसली पाहिजे. तिथेच ती पेटली नाही, तर बहुतेक बल्ब गेलाय, तार तुटलीय किंवा कुणीतरी काढून ठेवलीय. आधी ते बघून घ्यायचं, मग माल हलवायचा.