डाग सेन्सरवर नसतोच

डिसेंबरात चिंचणीच्या किनाऱ्यावर कुरव उतरले की आम्हा बोईसरच्या चार-सहा जणांचा रविवार ठरलेला असतो. पहाटे मोटरसायकली काढायच्या, ओहोटीच्या ओल्या वाळूत गुडघे टेकायचे. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. बाकी सगळं आभाळ आपलंच. दुपारी घरी येऊन फोटो मोठे करून बघितले की कुणाचा तरी फोन येतो. ‘अरे, प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका आहे. सेन्सर गेला वाटतं.’

सेन्सर गेलेला नसतो. डागही सेन्सरवर नसतो. लेन्स काढल्यावर (डीएसएलआरमध्ये आरसाही वर गेल्यावर) आत जो चकचकीत चौकोन दिसतो ती सेन्सरवर बसवलेली फिल्टरची काच असते. अवरक्त किरण अडवणं हे तिचं मुख्य काम. धूळ बसते ती या काचेवर, खऱ्या सेन्सरच्या जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे. फोटोत दिसते ती धुळीची सावली.

एवढं कळलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात. लग्नाचे फोटो काढणारा एक मित्र छातीठोकपणे सांगायचा, ‘माझ्या कॅमेऱ्यात धूळ नाही, हजारो फोटो काढलेत.’ तो हॉलमध्ये एफ/२.८ वर काम करतो. ॲपर्चर एवढं उघडं असलं की प्रकाश रुंद शंकूसारखा सगळीकडून येतो आणि धुळीची सावली पसरून विरून जाते. तोच कॅमेरा त्यानं एकदा केळव्याला नेला आणि सूर्यास्त एफ/१६ वर टिपला, तर आभाळात काळ्या मिरीचे दाणे सांडलेले! ट्यूबलाइटखाली हात धरला तर सावली पसरट पडते, लांबच्या एकाच बल्बसमोर रेखीव पडते, तसंच हे. धूळ केळव्याची नव्हती, आधीपासून होती.

म्हणून साफसफाईआधी तपासणी. आयएसओ सर्वांत कमी, ॲपर्चर एफ/२२, फोकस हाताने बिघडवलेला, आणि समोर कोरी पांढरी भिंत. शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवला तरी चालतं. भिंतीचे डाग पुसट होतात, काचेवरचे मात्र जागच्या जागी राहतात. जागा ओळखताना लोक हमखास फसतात. लेन्स सेन्सरवर प्रतिमा उलटी पाडते. त्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसलेला ठिपका, कॅमेरा आपल्याकडे तोंड करून धरला तर, खाली डावीकडे सापडतो. वर-खाली बदलतं, डावं-उजवं बदलत नाही.

आणि कोपऱ्यात दोन-तीनच ठिपके निघाले तर? काही करू नका. कॉम्प्युटरवर ते मिटवायला दहा सेकंद लागतात. दर आठवड्याला सेन्सर पुसणारी मंडळी मला दिवसातून चारदा गाडी धुणाऱ्यांसारखी वाटतात. ओरखडे त्यांच्याच गाडीवर जास्त.

धूळ काढायचीच झाली, तर हवेनं. पण कोणती हवा? तोंडानं फुंकर मारली की थुंकीचे बारीक तुषार जातात, म्हणजे कोरड्या धुळीच्या जागी चिकट डाग. बाजारात डब्यातली दाबलेली हवा मिळते. तिच्यातला वायू कधी कधी द्रवरूपात बाहेर पडतो आणि काचेवर गोठून डाग सोडतो. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या एका दोस्तानं तर कंपनीतल्या कंप्रेसरची नळी सुचवली होती. ज्या हवेनं कपड्यांवरचा भुसा उडवतात त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही येतं, आणि तिचा जोर शटरची नाजूक पाती वाकवायला पुरेसा असतो. हवा हवी ती हाताच्या रबरी ब्लोअरची. नवा असेल तर आधी बाहेरच चार-पाचदा दाबून आतली भुकटी काढून टाकायची. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, ब्लोअरचं नळकांडं माउंटच्या बाहेर. बहुतेक वेळा काम इथंच संपतं.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. ‘मीठ काच खातं’ असं इथं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. कॅमेऱ्याच्या धातूच्या भागांना मीठ त्रास देतं हे खरं, पण काचेवर ओरखडा काढण्याइतकं ते कठीण नाही. मोहस मापावर मीठ दोन-अडीच, काच साडेपाचच्या आसपास. ओरखडा काढते ती वाळू, कारण तिच्यातल्या क्वार्ट्झचा आकडा ७ आहे. त्यामुळे ब्लोअर न मारता थेट सेन्सर पुसायचा स्वॅब फिरवला आणि त्याखाली वाळूचा एक कण सापडला, तर आपण काच पुसत नसतो, कोरत असतो. तारापूर परिसरात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. चुकीच्या जागी गेलेली एक रेघ म्हणजे काय, हे त्यांना विचारावं.

खाऱ्या हवेचा वाळलेला थेंब मात्र फुंकून जात नाही. तिथं स्वॅब लागतो. कानातली काडी, चष्म्याचं फडकं, बनियनचा कोपरा, काहीही म्हणजे काहीही चालत नाही. कापूस धागे सोडतो, फडक्यात जुनी धूळ आणि हाताचं तेल असतं. स्वॅब सेन्सरच्या मापाचाच घ्यायचा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणून त्याला २४ मिलिमीटर रुंदीचा. एपीएस-सीला साधारण १६ चा. त्यावर सेन्सरसाठीच्या लिक्विडचे दोन थेंब. भिजवायचा नाही, दमट करायचा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा, उलट्या बाजूनं परत एकदा, आणि स्वॅब कचऱ्यात. ‘एकच डाग राहिलाय’ म्हणून तोच स्वॅब पुन्हा फिरवण्याचा मोह माझा अजून सुटलेला नाही, आणि दर वेळी एकाचे तीन डाग होतात.

डीएसएलआरवाल्यांसाठी वेगळा इशारा. साफसफाईसाठी आरसा वर धरून शटर उघडं ठेवणारी सोय मेनूत असते. कॅमेऱ्याची वीज मध्येच संपली तर शटर आणि आरसा स्वॅबवरच कोसळतात. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली हवी. भिंतीतल्या प्लगवर भरवसा ठेवायचा नाही. बोईसरात राहणाऱ्याला याचं कारण सांगायला नको. मिररलेसमध्ये आरसाच नाही, पण अनेक मॉडेलमध्ये सेन्सर स्थिरीकरणासाठी तरंगता असतो. तिथं हात आणखी हलका.

‘माझा कॅमेरा स्वतःच साफ होतो’ हे अर्धसत्य. ऑलिम्पसनं २००३ साली ई-१ मध्ये फिल्टर अतिजलद थरथरवून धूळ झटकण्याची युक्ती आणली, मग इतरांनीही आपापल्या तऱ्हेनं ती उचलली. कोरडी धूळ तिनं पडते. हळदीच्या समारंभात लेन्स बदलताना गेलेली पूड, तेल, मीठ हे चिकटलेलंच राहतं.

‘लेन्स बदललीच नाही तर धूळ येणार कुठून?’ हाही भ्रम. झूम लेन्स पुढे-मागे होताना हवा ओढते. शटरच्या यंत्रणेतूनही कण उडतात. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर इतके ठिपके येऊ लागले की कंपनीला २०१४ मध्ये मोफत तपासणी करून शटर बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली.

पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, ठेवू नका. तांदळाची पूड हीच एक धूळ आहे. बुरशीची भीती खरी आहे, आणि ती बहुधा लेन्सच्या आत धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला की झालं. एसीच्या खोलीतून दमट अंगणात आलात तर कॅमेऱ्याला थोडा वेळ बॅगेतच राहू द्या. गार काचेवर वाफ धरलेली असताना लेन्स उघडणं म्हणजे धुळीला डिंक लावून देणं.

काचेच्या आत अडकलेला डाग, शटरचं परत परत येणारं तेल, खरा ओरखडा, यांवर घरी इलाज नाही. तेव्हा डहाणूहून येणारी लोकल पकडून मुंबईतलं सर्व्हिस सेंटर गाठायचं. बॉडीला कॅप लावलेली, आणि मोबाइलमध्ये एफ/२२ वर काढलेला कोऱ्या भिंतीचा फोटो. काउंटरवरच्या माणसानं पडद्यावर नजर टाकून ‘यात तर काहीच दिसत नाही’ म्हटलं की तो पुढे करायचा. आणि कॅमेरा परत घेताना, लोकलची वेळ झालेली असली तरी, तसाच आणखी एक फोटो तिथल्या भिंतीचा काढून बघायचा.