फाइलमधील नावे वाटेत कुठे गळतात?

समजा, गणेश चतुर्थीला मंदिरात देणगीदारांची नावे चालत्या दिव्यांच्या पाटीवर दाखवायची असे मुलांनी ठरवले. पाटीमागे आर्दुइनो उनो हा तळहाताएवढा बोर्ड आहे आणि नावांची फाइल घरच्या संगणकात आहे. ती यूएसबी केबलने बोर्डात पाठवायची, एवढेच काम. फाइल जाते, बोर्डावरचा बारीक दिवा लुकलुकतो, कोणतीही तक्रार येत नाही. पण पाटीवर तिसऱ्या नावापासून सारा गोंधळ! ज्या घरच्या आजोबांचे नाव गळले, त्या घरी काय सांगायचे? म्हणून हा प्रश्न नुसता यंत्राचा आहे असे आम्ही मानत नाही.

उनोवरची मुख्य चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एका चिपमध्ये मावलेला छोटासा संगणक. त्याची कामचलाऊ स्मृती फक्त 2 किलोबाइट. वीज गेली तरी टिकणारी ईईप्रॉम नावाची स्मृती आहे, ती 1 किलोबाइट, म्हणजे 1024 बाइट. केबलमधून बाइट एकामागून एक येतात. 9600 बॉड हा वेग ठेवला तर सेकंदाला 960 बाइट, कारण प्रत्येक बाइटच्या 8 बिटांना आरंभाचा व शेवटचा असे 2 बिट जोडावे लागतात.

आता हिशेब पाहा. बाइट येतो दर 1 मिलिसेकंदाला, पण ईईप्रॉममध्ये तो लिहायला सुमारे 3.3 मिलिसेकंद लागतात. मधल्या काळात आलेले बाइट थांबण्यासाठी जी जागा आहे, ती 64 बाइटांची. सेकंदाच्या दहाव्या भागात ती भरते. त्यानंतर येणाऱ्या तीन बाइटांपैकी जवळजवळ दोन बोर्ड मुकाट्याने टाकून देतो. घागर भरली तरी नळ चालूच, तशी गत.

मराठीला हे अधिक जाचते. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, मात्रासुद्धा. ‘गणेश’ लिहायला 12 बाइट, तेच रोमन लिपीत 6. बारा चिन्हांचे एक नाव धरले तर ईईप्रॉममध्ये जेमतेम 27-28 नावे मावतील. यादी मोठी असेल तर एसडी कार्डच जोडावे. (अक्षरे पाटीवर नीट उमटवणे ही वेगळीच कटकट, ती पुन्हा केव्हातरी.)

पुष्कळ जण वेग कमी करून पाहतात किंवा मध्ये अंदाजाने थांबतात. आम्हाला हा उपाय पसंत नाही. किती थांबायचे हे घेणाऱ्यानेच सांगावे. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी 1977 मध्ये एक्समोडेम नावाची रीत काढली, तिच्यात हेच आहे. 128 बाइटांचा एक गठ्ठा पाठवायचा, सोबत क्रमांक आणि सर्व बाइटांची बेरीज. घेणारा बेरीज पडताळतो. जुळली तर ‘मिळाले’, नाही तर ‘पुन्हा पाठव’. उत्तर आल्याशिवाय पुढचा गठ्ठा निघत नाही. उनोसाठी मुलांनी 32 बाइटांचा गठ्ठा करावा, म्हणजे थांबायच्या जागेत तो सहज मावतो. 900 बाइटांच्या यादीला मग एकाऐवजी चारेक सेकंद लागतील. लागू द्यावेत.

नुसत्या बेरजेत एक उणीव आहे. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांची बेरीज एकच येते! बाइटांची अदलाबदल तिला कळत नाही. सीआरसी नावाच्या तपासणीला ती कळते, म्हणून थोडी मेहनत घेऊन तीच वापरावी.

आणखी एक खोच. संगणकाने पोर्ट उघडला की उनो पहिल्यापासून सुरू होतो आणि तेव्हा क्षणभर आपला प्रोग्राम चालत नाही. त्यावेळी पाठवलेले पहिले नाव वाया जाते. म्हणून बोर्डाने आधी ‘तयार’ असा निरोप द्यावा, मगच संगणकाने सुरुवात करावी. संगणकावर पायथन वापरत असाल तर फाइल बायनरी पद्धतीने उघडा, आणि सीरियल मॉनिटरची खिडकी बंद ठेवा. ती उघडी असली तर पोर्ट बहुधा अडलेलाच राहतो.

फाइल पोहोचल्यावर बोर्डाकडून सारी यादी परत मागवून मूळ फाइलशी ताडून पाहावी. हे चतुर्थीच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी करावे.