कृष्णद्रव्याची कुळकथा

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधतीकेश तारकासमूहातील दीर्घिकांच्या गुच्छाचे वेग तपासले, तेव्हा दृश्य द्रव्याच्या जोरावर तो गुच्छ एकत्र राहणेच शक्य नाही, असे त्यांना आढळले. आणि आज प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांनुसार विश्वाच्या एकंदर जमेत साध्या द्रव्याचा वाटा सुमारे ५ टक्के, तर अदृश्य कृष्णद्रव्याचा सुमारे २७ टक्के मुक्रर झाला आहे. ही मालमत्ता आली कोठून?

रूढ मत असे, की महास्फोटानंतरच्या दाहात कृष्णद्रव्याचे कण साध्या कणांशी देवघेव करीत होते, विश्व निवताच ती थांबली, आणि जे उरले ते उरले. तसे असेल तर त्या कणांचा आपल्या अणूंना क्वचित तरी धक्का लागावयास हवा. परंतु अमेरिकेत, दक्षिण डाकोटातील जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर द्रवरूप झेनॉनवर कडक पहारा बसवूनही तसा निर्विवाद दाखला अद्याप मिळालेला नाही.

म्हणून काही शास्त्रज्ञ त्याही आधीच्या काळाकडे वळले. अ‍ॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, आरंभीच्या अत्यल्प क्षणांशात अवकाश प्रचंड वेगाने ताणला गेला. या घटनेस स्फीती म्हणतात. अवकाश प्रसरण पावताना निव्वळ पोकळीतून कण उत्पन्न होऊ शकतात, हे श्र्योडिंगर यांनी १९३९ मध्येच हेरले होते, आणि त्याने ते स्वतःच अस्वस्थ झाले होते. साठीच्या दशकात लिओनार्ड पार्कर यांनी त्याचे रीतसर गणित मांडले. पुढे १९९८ मध्ये चुंग, कोल्ब आणि रिओट्टो यांनी दाखविले, की स्फीती ओसरताना, अन्य कोणत्याही बलाच्या मध्यस्थीवाचून, केवळ गुरुत्वाच्या योगे प्रोटॉनच्या सुमारे लक्ष कोटी पट किंवा त्याहूनही जड कण पुरेशा संख्येने जन्मू शकतात. त्यांना ‘विम्पझिला’ हे राक्षसी नाव मिळाले. विद्वानांनाही चित्रपटांचे वावडे नसते.

प्रयोगशाळेत कधीच न सापडणारा कण, ही सबब फार सोयीची आहे, असा संशय येणे रास्तच. तथापि तपासाची एक वाट उघडी राहते. असे द्रव्य स्वतंत्रपणे जन्मले असेल, तर त्याच्या घनतेतील चढउतार प्रकाशाच्या चढउतारांशी पूर्ण जुळणार नाहीत, आणि त्या बेबनावाची खूण महास्फोटाच्या दाहातून उरलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणात उरेल. प्लँकला ती आढळली नाही. त्यामुळे अशा रीतीने उपजणाऱ्या पुष्कळशा हलक्या कणांचा दावा निकालात निघाला. अतिजड कणांत मात्र हा बेबनाव मुळातच क्षीण असल्याने ते बचावले. स्फीतीतून निघालेल्या गुरुत्वलहरींचा ठसा त्याच प्रारणात सापडला, तर त्या वेळचा प्रसरणवेग कळेल, आणि मग या कणांचे वजन किती असू शकते याची मर्यादाही पुष्कळच आवळता येईल.