उपवास आणि साबुदाणा

गतवर्षी आषाढी एकादशीस कीर्तनाला उभे असता आमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मधुमेहाची गोळी घेतली होती, पोटात मात्र सकाळपासून केवळ पाणी. टाळकऱ्याने खडीसाखर तोंडात घातली, म्हणून सावरलो.

‘उप’ म्हणजे समीप, ‘वास’ म्हणजे राहणे. घरोघरी मात्र एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी. तिचा मोह आम्हांसही सुटलेला नाही. वास्तविक साबुदाण्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या स्मृतिकारांना तो ठाऊक असणे शक्यच नव्हते! शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट, प्रथिने नाममात्र. हे पिष्ट त्वरित पचून रक्तातील साखर झपाट्याने चढते आणि स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन स्रवावे लागते. दाण्याच्या कुटाने तो वेग थोडा मंदावतो, इतकेच.

शास्त्राने व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत जल, मूळ, फळ, दूध यांच्यासह औषधही आहे. तेव्हा मधुमेही भाविकांनी व्रताच्या भीतीने गोळी परस्पर टाळू नये, अन् रिकाम्या पोटी घेऊही नये. मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. यंदा आम्ही तसेच केले आहे. कीर्तनापूर्वी वाटीभर दही आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे घेऊन उभे राहणार आहोत.