जुन्या स्क्रेपरची दुखणी व त्यांची पारख

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मातीकामाचा हंगाम अगदी तोकडा असतो. रब्बीची पिके निघाल्यावर शेत मोकळे होते आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ते पुन्हा पेरणीस तयार असावे लागते. तलावातील गाळ शेतात पसरणे, उंचवटे छाटणे, खोलगट भाग भरून काढणे ही सर्व कामे या दोन-अडीच महिन्यांतच उरकावी लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मांजरा नदीचे पात्र खोल करण्याचे काम लोकांनी हाती घेतले. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. तेव्हापासून गाळाविषयीची आस्था खेडोपाडी वाढली आहे. १९७२ च्या दुष्काळात हेच मातीकाम टिकाव, फावडे व पाटी यांवर चालले होते. आता गाळ उपसण्याचे काम पोकलेन व टिपर करतात. परंतु टिपरने शेतात टाकलेले ढीग पसरणे व थोड्या अंतरावर माती नेऊन रान सपाट करणे, या कामास ट्रॅक्टरमागे ओढला जाणारा स्क्रेपर अधिक सोयीचा पडतो.

नवा स्क्रेपर विकत घेणे सर्वांस परवडत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी हातोहात विकला गेलेला जुना स्क्रेपरच कामावर दिसतो. असे यंत्र मेच्या मध्यावर बंद पडले, तर भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या गावी निघून जातो, गाळाचे ढीग शेतात तसेच राहतात आणि पाऊस पडल्यावर त्या जागेत चाडे धरता येत नाही. तेव्हा यंत्र बिघडल्यावर तालुक्याहून मिस्त्री बोलावण्यापूर्वी बिघाड कोठे आहे हे गावातच ओळखता आले, तर हंगाम वाचू शकतो.

ज्यांनी बैलांची केणी चालविली आहे, त्यांना स्क्रेपर समजण्यास वेळ लागू नये. केणीची मूठ उचलली की पाते मातीत शिरते, मूठ दाबली की भरलेली केणी जमिनीवरून सरकत जाते, आणि मूठ पुरती उलटली की माती सांडते. स्क्रेपरमध्ये पात्याचे काम तेच आहे. केणीच्या डब्याऐवजी येथे चाकांवर बसविलेली मोठी पेटी असते; काही नमुन्यांत तिच्या पुढे माती अडविणारी झडप व मागे माती ढकलणारी फळी असते. फरक एवढाच की मुठीवरच्या हाताचे काम येथे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक करतात. म्हणून यंत्र नीट चालेनासे झाले की पहिला प्रश्न असा विचारावा : दुखणे पात्याचे आहे की हाताचे?

पेटी मुळीच उचलत नसेल, तर दुखणे हाताचे, म्हणजे तेलाच्या यंत्रणेचे आहे हे उघड आहे. परंतु येथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. पंप गेला, असे म्हणून थेट पंपालाच हात घालण्याची खोड अनेक कारागिरांना असते. वास्तविक पंप हा तपासणीत सर्वांत शेवटी यावयास हवा. प्रथम ट्रॅक्टर व स्क्रेपर यांचे होज पाइप जेथे जोडले जातात ती जोडणी पाहावी. हे जोड अर्धवट बसले तर आतील झडप उघडत नाही. मग पेटी वर जात नाही, किंवा वर गेलेली खाली येत नाही. जोड सोडून, पुसून, पुन्हा नीट दाबून बसविल्याने यंत्र चालू झाले, असे अनेकदा आढळते. त्यानंतर तेलाची पातळी पाहावी. ती पेटी जमिनीवर टेकलेली असताना पाहावी, कारण पेटी उचललेली असली की बरेचसे तेल जॅकमध्ये गेलेले असते. अनेक ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचे तेल एकच असते. मोठ्या जॅकचा स्क्रेपर जोडल्यावर ते कमी पडू लागले, तर केवळ स्क्रेपरच नव्हे, ट्रॅक्टरचे गिअरही धोक्यात येतात.

पेटी उचलते, पण धक्के खात उचलते, आणि पंपातून घरघर किंवा शिटीसारखा आवाज येतो, असे असेल तर तेलात हवा शिरत आहे किंवा पंपाला तेल पुरेसे मिळत नाही. तेल ओढणाऱ्या बाजूची जाळी गाळाने बुजली असेल, अथवा त्या बाजूच्या नळीचा क्लिप सैल असेल. या बाजूने तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही एवढ्यावरून नळी चांगली आहे असे समजू नये. तेल दुधासारखे पांढुरके दिसत असल्यास थोडे तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. काही वेळाने ते निवळले तर दोष हवेचा. रात्रभर ठेवूनही पांढुरकेच राहिले किंवा तळाशी पाणी दिसले तर दोष पाण्याचा. पाणी मिसळलेले तेल पूर्ण काढून टाकावे. त्यात नवे तेल भर घालून वापरणे म्हणजे चांगले तेलही वाया घालविणे होय.

सकाळी पेटी चांगली उचलते आणि दुपारी उन्हात मंदावते, ही तक्रार मराठवाड्यात स्वाभाविक आहे. तेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून व व्हॉल्व्हमधून आतल्या आत निसटू लागते. यंत्रासाठी सांगितलेल्या प्रतीचे तेल भरले आहे की मिळेल ते, याची चौकशी आधी करावी. दाब कमी वाटतो म्हणून दाब मर्यादित ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्याचा उपाय मात्र कोणीही करू नये. दाब मोजण्याचे घड्याळ लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावला, तर पेटी उचलली जाईलही, परंतु जुना होज पाइप फुटण्याची वेळ जवळ येईल.

याहून गंभीर दोष म्हणजे लिव्हर मध्यभागी ठेवूनही पेटी आपोआप खाली बसत जाणे. जॅकमधील ऑइल सील झिजले असेल किंवा व्हॉल्व्हमधून तेल परतत असेल. कोणते, हे ओळखण्याची रीत अशी : पेटी पूर्ण उचलून खाली भक्कम ठोकळे लावून टेकवावी. इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवावा, म्हणजे नळीतील दाब उतरतो. मग जॅकच्या ज्या बाजूने तेल परत येते तेथील नळी सोडावी आणि इंजिन मंद चालू करून उचलण्याच्या बाजूने दाब द्यावा. मोकळ्या तोंडातून तेल सतत वाहू लागले तर सील गेले आहे; तेल आले नाही तर व्हॉल्व्ह तपासावयास पाठवावा. ही परीक्षा माहीतगार फिटरनेच करावी व कोणी त्या तोंडासमोर उभे राहू नये.

उचललेल्या पेटीखाली ठोकळे न लावता शिरणे म्हणजे जीव त्या झिजलेल्या सीलवर सोपविणे आहे. पाते बदलताना, अडकलेला दगड काढताना, दोन मिनिटांचेच काम आहे म्हणून माणसे बिनधास्त आत वाकतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे दिसताच काम थांबवावे. त्यात संकोच नको. तशीच दुसरी गोष्ट गळतीची. होज पाइपचे सूक्ष्म छिद्र शोधण्यासाठी हात फिरवू नये. दाबाखालील तेल कातडीत शिरू शकते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, परंतु ती तातडीने शल्यचिकित्सकास दाखविली नाही तर बोट किंवा हात गमावण्याचा प्रसंग येतो. छिद्र शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

आता पात्याच्या बाजूची दुखणी. ती कमी घातक व अधिक फसवी आहेत. स्क्रेपर एका बाजूने खोल कापत असेल, तर पेटी वाकडी झाली असे म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेण्यापूर्वी दोन्ही चाकांतील हवा मोजावी. एका चाकात हवा कमी असली की त्या बाजूचे पाते खाली जाते. हलक्या, मुरमाड रानात याचा परिणाम लगेच दिसतो : एका पट्ट्यात वरची सुपीक माती निघून जाते व मुरूम उघडा पडतो. हवा बरोबर असूनही दोष राहिला, तर चाकाच्या बेअरिंगमधील ढिलाई पाहावी.

पेटी पूर्वीसारखी भरत नसेल तर पात्याची धार गेलेली असते. पुष्कळ पाती दोन्ही कडांनी वापरता येतात. एक कड झिजली की बोल्ट काढून पाते उलटे बसवावे. त्यास उशीर झाला तर झीज ज्या चौकटीवर पाते बसते तिथपर्यंत पोहोचते आणि मग खर्च कित्येक पटींनी वाढतो. देगलूर, बिलोली, मुखेड या भागांत ग्रॅनाइटसारख्या खडकापासून झालेली वाळूमिश्रित जमीन आहे. तिच्यातील गारगोटीचे कण पाते भराभर खातात. लातूरच्या काळ्या रानाचा अंदाज तेथे लावू नये. काळ्या रानाची अडचण निराळी आहे. उन्हाळ्यात ते दगडासारखे टणक होते, आणि ओला गाळ असेल तर पेटीला चिकटून सुटत नाही. पहिल्या स्थितीत आधी उथळ नांगरट करून घ्यावी, दुसऱ्या स्थितीत गाळ वाफशावर येईपर्यंत थांबावे. या दोहोंत यंत्राचा दोष नसतो. तरीही दुरुस्तीचे बिल मात्र यंत्राच्या नावावर पडते.

क्वचित तारदोरावर चालणारा जुना स्क्रेपरही पाहण्यात येतो. अमेरिकेतील रॉबर्ट लटूर्नो (१८८८–१९६९) याने ज्या प्रकारची यंत्रे रूढ केली, त्या परंपरेतील हे यंत्र. येथे तेलाची कटकट नाही. दोराचे तुटलेले तंतू व कप्पीची झिजलेली खाच एवढेच पाहावे लागते. दोर चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नये. कप्पी झिजलेली ठेवून नुसता दोर बदलला तर नवा दोरही लवकर तुटतो.

वेल्डिंग करावेच लागले, तर आधी ट्रॅक्टर सोडून बाजूला न्यावा, होज पाइप व जॅकवर ठिणग्या पडू देऊ नयेत आणि वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावावी. ती दूर लावली तर विद्युतप्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन त्यास खड्डे पाडतो.

हंगाम संपल्यावर पेटी स्वच्छ धुऊन, फळ्यांवर टेकवून ठेवावी. होज पाइपच्या तोंडांना टोपणे लावावीत. टोपणे हरवली असल्यास स्वच्छ प्लास्टिक घट्ट बांधावे. जॅकचा दांडा बाहेर राहत असेल तर त्यावर ग्रीसचा लेप द्यावा. पावसाळ्यात त्या चकचकीत दांड्यावर गंजाचा एक ठिपका पडला, तरी पुढील मार्चमध्ये नवे बसविलेले सील पहिल्या काही दिवसांतच कापले जाते.