ससा दात का लावतो?

मुलांच्या हट्टाखातर पुष्कळ घरांत सशाचे पिलू येते. पहिले दोन-तीन महिने ते मांडीवर बसते, हातातला पाला खाते. मग एके दिवशी पेटीत हात घातला की तोच ससा बोटाला कडकडून चावतो. मूल रडू लागते, मोठी माणसे सशाला चापट मारतात आणि "हा बिघडला, विकून टाका" असा निकाल लागतो. तो निकाल देण्यापूर्वी थोडा विचार करावा. ससा उगाच चावत नाही. भुंकून वा गुरगुरून सांगणे त्याला फारसे जमत नाही. सांगायचे ते तो दातांनी सांगतो.

प्रथम त्याचे मूळ पाहू. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बीळ करून राहणारे. आपल्या शेतात दिसणारा रानससा निराळा. तो बीळ करीत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पीक काढताना त्याचे पिलू सापडले तर ते घरी आणू नये. पाळीव ससा मात्र आपल्या पेटीलाच बीळ मानतो. तेथे अचानक शिरलेला हात त्याला घरात घुसलेला शत्रू वाटतो.

दुसरे कारण डोळ्यांचे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे मागून येणारे कुत्रे आणि वरून येणारी घार त्याला दिसते. पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही. तेथे तो वासावर व मिशांवर चालतो. बोटाला गाजराचा वास असेल, किंवा जाळीतून बोट आत घातले असेल, तर तो ते खाणे समजून धरतो.

तिसरे कारण वयाचे. चार ते सहा महिन्यांत ससा वयात येतो. नर पायांभोवती गोल फिरतो, बारीक गुणगुणतो आणि दात लावतो. मादी गाभण असली वा पिले झाली की राखण करते. गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. पुष्कळांना वाटते की ती पिलांना पाजतच नाही, म्हणून ते वारंवार पिले हाताळतात. खरे पाहता ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा आणि तेही थोडीच मिनिटे पाजते. तिला बाहेर पाला घालावा व ती खात असताना पिले पाहून घ्यावीत.

चौथे कारण दुखण्याचे. गरीब ससा एकाएकी चावू लागला तर त्याचे अंग तपासावे. सशाचे पटाशीचे दात आयुष्यभर, आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर, वाढत असतात. चघळायला गवत कमी पडले की दात वाढून तोंडाला लागतात. तारेच्या तळामुळे मागच्या तळपायांना जखमा होतात; कानात खरूज होते. अशा वेळी पशुवैद्याला दाखवावे.

आता उपाय. मारू नये; माराने भीती वाढते, आणि भ्यालेला ससा अधिक चावतो. पेटीत हात घालण्याऐवजी दार उघडून त्याला स्वतः बाहेर येऊ द्यावे. खाणे भांड्यात द्यावे. हात धुऊन, बाजूने हळू नेऊन कपाळावर फिरवावा. कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली घेऊन अंगाशी धरावे. हवेत पाय झाडल्यास त्याचा कणा मोडू शकतो. गवत सतत असावे, चघळायला तुतीची फांदी द्यावी. दोन वयात आलेले नर एका पेटीत ठेवू नयेत. ते एकमेकांना मोठ्या जखमा करतात. पैदास नको असेल तर सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नर खच्ची करून घ्यावा. काही आठवड्यांत त्याचा ताठा उतरतो.

चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. धनुर्वाताची सुई केव्हा घेतली होती ते पाहून डॉक्टरांना विचारावे. सूज वा पू दिसल्यास थांबू नये. घरात बंद असलेल्या सशापासून पिसाळी रोगाचा धोका फारच कमी असतो. पण त्या सशाला कुत्रे, मांजर वा मुंगूस चावले असेल, किंवा चावणारा प्राणी रानातला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लहान मुलांना सशाजवळ एकटे सोडू नये. त्यांना जमिनीवर बसवावे, गप्प राहायला सांगावे आणि ससा आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबू द्यावे. कान मागे दाबून अंग ताठ केले तर "आता नको" असे तो सांगत आहे, हे मुलांना दाखवून द्यावे. एवढे ओळखायला मूल शिकले की चावण्याची पाळी क्वचितच येते, आणि ससाही विकावा लागत नाही.