पाणी पिणारी जीप

नवतपा लागला की यवतमाळ जिल्ह्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि जुन्या जीपच्या सीटमागे पाण्याची कॅन दिसू लागते. ‘भाऊ, जुनी गाडी आहे, पाणी पेणारच,’ असं चालक सांगतो आणि उमरखेडच्या बंदीभागापासून वणीच्या कोळसापट्ट्यापर्यंत सगळे त्यावर मान डोलावतात. पण हे म्हणणं खोटं आहे. रेडिएटर, होस पाइप, वॉटर पंप आणि इंजिनातल्या पाण्याच्या वाटा ही बंद व्यवस्था आहे. नीट असेल तर तिला महिनोन्‌महिने वरून थेंब लागू नये. लागत असेल, तर पाणी कुठून तरी जातंय. आणि गेलेल्या पाण्याच्या जागी आपण बोअरचं जे पाणी ओततो, त्यानंच ती पुढच्या उन्हाळ्यात आणखी तापते.

गाडी एक, इंजिनं अनेक

जीप १९४१ साली अमेरिकी लष्करासाठी घडली. आपल्याकडे ती महिंद्रामुळे आली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली आणि काही वर्षांतच मुंबईच्या माझगावात विलिज जीपची जुळणी सुरू झाली. कंपनीतले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. उंच बॉनेटची सीजे-३बी इथल्या सरकारी खात्यांत आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात वर्षानुवर्षं दिसली. तिचं हरिकेन पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं.

मग डिझेल आलं. १९७९ मध्ये महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी ‘एक्सडीपी ४.९०’ या इंजिनासाठी करार केला. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा ९० मिलिमीटर व्यास. क्षमता २११२ सीसी. एमएम ५४० सारख्या गाड्यांत हे इंजिन गाजलं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या छोट्या कोठीत फवारलं जातं आणि पेटलेला वायू अरुंद वाटेनं सिलिंडरमध्ये उतरतो. त्यामुळे आवाज मऊ येतो, पण हेडला आणि पर्यायानं पाण्याला जास्त उष्णता सोसावी लागते.

याच काळात कित्येक पेट्रोल जीपना मालकांनी परस्पर डिझेल इंजिनं बसवून घेतली. इंजिन बदललं, गिअरबॉक्स जुळवला, पण रेडिएटर बहुधा जुनाच राहिला. म्हणून जुनी जीप तापते अशी तक्रार आली, तर आधी एक प्रश्न विचारावा : या गाडीत आज जे इंजिन आहे, त्याच्या मापाचा रेडिएटर तिला आहे का?

हिशेब उष्णतेचा

ढोबळमानानं सांगायचं, तर जळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून थोडा कमी, चाकांच्या कामी येतो. तितकाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्यात उतरतो. तो हवेत सोडणं हे रेडिएटरचं काम. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितकं अंतर, तितकी उष्णता सुटते. पाणी ९० अंशांवर आणि डिसेंबरातली दुपार २८ अंशांची असेल, तर अंतर ६२ चं. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की अंतर ४५ वर येतं. रेडिएटर तोच, पण त्याची पावाहून जास्त ताकद नुसत्या हवेनं गेली. म्हणून काही नळ्या बुजलेला रेडिएटर हिवाळ्यात बिनबोभाट चालतो आणि उन्हाळ्यात घाटात दगा देतो.

रेडिएटरचं झाकणही याच हिशेबातलं. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यात पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. ७ पौंडांचा दाब धरणारं झाकण नीट बसलं, तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. १३ पौंडांचं असेल तर ११८ पर्यंत. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत जाते. मात्र जुन्या पितळी टाकीवर जास्त पौंडांचं झाकण ठोकणं हा उपाय नव्हे, सांधे उसवतात. कंपनीनं जितकं सांगितलं तितकंच बसवावं.

चुन्याचा थर

आता पाण्याकडे वळू. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा. वणी-झरीकडे चुनखडी लागते. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना त्याच चुनखडीवर उभा राहिला. अशा खडकांतून झिरपलेलं बोअरचं पाणी पिताना गोड लागतं, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते वेगळे होतात आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे सिलिंडरच्या बाहेरच्या भिंतीवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत, चिकटतात. अंघोळीच्या बंबात बसतो तोच हा थर. तांब्यातून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही ती चुन्यातून जात नाही.

जिल्ह्याला हे दुखणं नवं नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेजवरच्या ‘शकुंतला’ला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक काळानं रिकामा करून धुवावाच लागतो, कारण पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतो. गळक्या जीपमध्ये हेच घडतं. दहा लिटरच्या व्यवस्थेत एकदा भरलेल्या पाण्यातला चुना बसून बसून किती बसणार? पण रोज लिटरभर गळलं आणि रोज लिटरभर ओतलं, तर महिन्याला तीस लिटरचा चुना आत साठतो. खरा रोग गळती आहे. कॅन तो रोग पोसते.

रेडिएटर कारागिराच्या दुकानात हे डोळ्यांनी दिसतं. तो गॅसच्या ज्योतीनं झाळ वितळवून वरची पितळी टाकी सोडवतो आणि खाली चपट्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. काही मोकळी, काहींवर पांढरट-तांबूस पापुद्रा, काही पूर्ण बंद. मग तो पातळ पोलादी पट्टी एकेका नळीतून ओढतो, भुकटी खाली पडते. टाकी पुन्हा झाळली की सगळी तोंडं बंद करून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि आत हवा भरायची. बुडबुडा आला तिथे गळती. तांब्या-पितळेचा रेडिएटर असा पुन्हा पुन्हा जगवता येतो. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या अॅल्युमिनियम रेडिएटरला ही दुरुस्ती मानवत नाही. जुना पितळी रेडिएटर भंगारात देण्याआधी कारागिराला दाखवावाच.

हळद, तेजाब आणि फेकलेला व्हॉल्व

गावोगावच्या तीन उपायांचं मूल्यमापन इथेच करू. पहिला हळदीचा. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची. ती फुगून छिद्र बुजवते. जंगलात अडकलात तर घर गाठण्यापुरता उपाय चांगला आहे. पण जी हळद छिद्र बुजवते, तीच नळ्याही बुजवते. घरी आल्यावर रेडिएटर धुवून पक्की झाळ मारून घ्यावी.

दुसरा तेजाबाचा. ते चुना खातं हे खरं, पण झाळ आणि अॅल्युमिनियमचं हेडही खातं. त्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व बरं. लिटरला पन्नास ग्रॅम या मानानं मिसळून इंजिन अर्धा तास मंद चालवावं, थंड होऊ द्यावं, सगळं काढून टाकावं आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावं. एक ध्यानात असू द्या : कित्येकदा छिद्र चुन्यानंच बुजलेलं असतं. चुना निघाला की रेडिएटर गळू लागतो. तो लिंबूसत्त्वाचा दोष नव्हे. दडलेली गळती उघडी पडली एवढंच.

तिसरा उपाय थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून फेकण्याचा. ‘आपल्याकडे थंडी कुठे?’ असा त्यामागचा सवाल. पण व्हॉल्व काढला की इंजिन नेमक्या तापमानाला पोचायला वेळ लावतं, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरत राहतं. व्हॉल्व अडकला असेल तर बदलावा. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून, त्यावर कोरलेल्या अंशांना तो उघडतो का, हे घरीच पाहता येतं.

कधी तापते ते पाहा

मिस्त्रीकडे जाण्याआधी चालकानं एकच निरीक्षण करावं : गाडी हळू चालताना तापते की जोरात?

टिपेश्वरच्या जंगलवाटेवर किंवा शेताच्या पांदणीत रांगताना तापत असेल आणि हमरस्त्यावर निवत असेल, तर दोष हवेचा आहे. वेग नसतो तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. पट्टा अंगठ्यानं दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर तो घसरतो. पंख्याभोवतीचा पत्रा पट्टा बदलताना अडतो म्हणून कित्येक गाड्यांतून तो काढून टाकलेला असतो. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाजवळचीच गरम हवा घुसळत बसतो. पत्रा बसवावा, पंख्याची पाती निम्मी त्याच्या आत असावीत.

उलट, पांढरकवड्याच्या महामार्गावर साठच्या वेगानं तापत असेल, तर दोष पाण्याच्या वाहण्याचा : नळ्या बुजल्या आहेत, पंपाची पाती गंजली आहेत किंवा खालचा होस पाइप आतल्या ओढीनं चपटा होतोय. त्या पाइपात स्प्रिंग असते. ती गंजून गेली का, ते पाहावं.

आणि सकाळी थंड इंजिन चालू करताच उघड्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट उडालंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तरी तेच. मग हेड उतरवून लेथवर फेसिंग तपासल्याशिवाय सुटका नाही.

चढावरची चूकही इथलीच. पुसदकडच्या घाटात भरलेली जीप तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नेली, तर इंजिनावर भार पडतो आणि पंप-पंखा मात्र सावकाश फिरतात. गिअर खाली टाकला की इंजिन हलकं चालतं, पाणी आणि हवा दोन्ही जोरात वाहतात. चिखलात फोर बाय फोरचा लो गिअर लावण्यामागेही हाच फायदा.

कुसळ, गाळ आणि झेंडू

पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ रेडिएटरच्या जाळीत शिरतो आणि वाळून घट्ट होतो. दिवाळीच्या सुमारास गवत वाळतं. त्याची कुसळं जाळीत अशी रुततात की ब्रशनं निघत नाहीत. त्याच वेळी कापसाची वाहतूक सुरू होते आणि उडणारा रुवा त्यावर बसतो. दसऱ्याच्या हाराच्या पाकळ्या राहिल्या असतील तर त्याही आत. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूनं पुढे मारावी. पुढून मारली तर कचरा आणखी खोल जातो. दाब बेताचा ठेवावा, नाहीतर तांब्याचे पातळ पडदे आडवे पडतात. जाळीपुढे लावलेले जादा दिवे, भोंगे आणि पाट्या हलवल्या, तर फुकटात वारा मिळतो.

रस्त्यात उकळली तर

काटा चढतोय पण पाणी आहे, अशा वेळी सावलीत थांबावं आणि इंजिन एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवावं, म्हणजे पंप आणि पंखा उष्णता ओढून नेतात. वाफ निघू लागली किंवा पाणी गेलं असेल, तर मात्र तत्काळ बंद. चढलेला काटा अचानक खाली आला तर हुरळून जाऊ नये. पाणी संपलं की काट्याची सुई जोडलेला सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा थंड दाखवतो. झाकण गरम असताना उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी उसळून तोंड-हात भाजतात. अर्धा तास थांबून इंजिन निवल्यावर, ते मंद चालू ठेवून, पाणी धारेनं सावकाश ओतावं. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर हेड वाकतं, बिडाचा ब्लॉक तडकूही शकतो.

काय भरायचं

कूलंट काश्मीरसाठी, हा गैरसमज आहे. त्यातला ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतो, पण त्याहून मोलाचं म्हणजे गंज रोखणारी द्रव्यं त्यात असतात. मात्र ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहत नाही; म्हणून आपल्याकडे तिसरा हिस्सा कूलंट आणि दोन हिस्से बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर पुरे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. दोन वर्षांनी बदलावं. काढलेलं कूलंट गुरांच्या हौदाजवळ सांडू नये. ते गोडसर लागतं आणि जनावरांना, कुत्र्यांना जीवघेणं ठरतं. जुन्या जीपला जादा पाणी साठवायची बाटली नसते. गरम झालेलं पाणी फुगून नळीनं रस्त्यावर जातं. त्या नळीला बाटली जोडून तिच्याशी जुळणारं झाकण बसवलं की गाडी निवताना तेच पाणी परत ओढून घेते, आणि रोजची भर थांबते.

ही सगळी कामं दिवाळीनंतरच्या थंडीत उरकावीत. रेडिएटर कारागिराकडे गर्दी मे महिन्यात असते, पण बुजलेल्या नळ्या तेव्हा तयार होत नाहीत. त्या आधीच, बेताच्या हवेत, काटा मधोमध दाखवत असताना बुजत असतात. थंड इंजिनाचं झाकण उघडून पातळीवर खूण करावी, आठ दिवसांनी पुन्हा पाहावी. खूण हलली असेल तर कॅन भरू नये, गळती शोधावी.